शब्द वगळल्यानंतर : ‘द स्टॉर्म’ आणि संगीताच्या नैतिक अर्थाचा प्रश्न

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधून कवींना दिलेल्या निरोपाची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे, त्याच्याच ‘लॉज’ या उत्तरकालीन संवादात वाद्यसंगीताविषयी जी तक्रार येते तिची मात्र तितकी दखल घेतली गेलेली नाही. शब्दांची सोबत सोडून नुसते वाद्य वाजवणे प्लेटोला असंस्कृतपणाचे वाटते. त्यामागील कारण पाहण्यासारखे आहे. अशी सुरावट वाईट असते असे तो म्हणत नाही. ती चांगली की वाईट हे ठरवण्याचे साधनच ऐकणाऱ्यापाशी उरत नाही, असा त्याचा आक्षेप आहे. ती कशाचे अनुकरण करते, आणि ज्याचे करते ते अनुकरणीय आहे की नाही, हे शब्दाविना कळावे कसे? ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या शेवटच्या भागात हाच मुद्दा अधिक मूर्त पातळीवर आणतो. ऑलॉस हे ग्रीकांचे पत्तीचे सुषिर वाद्य मुलांच्या शिक्षणातून वगळावे, कारण ते वाजवणाऱ्याचे तोंड अडकते व त्याला बोलता येत नाही, असे तो सांगतो. गाल फुगून चेहरा विद्रूप होतो म्हणून अथेनेने ते वाद्य फेकून दिले ही कथाही तो नोंदवतो आणि वर पुस्ती जोडतो, की बुद्धीच्या वाढीला त्याचा काही उपयोग नाही हेच ज्ञानदेवतेच्या त्यागाचे खरे कारण असावे. तोंड बंद झाले की ‘लोगोस’, म्हणजे वाणी आणि विवेक ही दोन्ही, बाहेर राहतात.

आयर्लंडमधील ‘इलन पाइप्स’ या वाद्याची रचना जणू या आक्षेपाला उत्तर म्हणून केलेली असावी अशी आहे. ‘इलन’ हे नाव आयरिश भाषेतील कोपरासाठीच्या शब्दावरून आलेले. एका कोपराखाली भाता, दुसऱ्याखाली चामडी पिशवी. वादकाला फुंकावे लागत नाही. बोटांखालच्या नळीतून दोन सप्तकांची सुरावट निघते, आधारस्वर अखंड घुमत राहतात आणि मनगटाने दाबायच्या चाव्यांनी अधूनमधून स्वरगुच्छही वाजवता येतात. हे सर्व चालू असताना तोंड पूर्ण मोकळे असते. वादकाने बोलावे, गावे, श्रोत्यांशी वाद घालावा. वाद्य आड येत नाही. तेव्हा या वाद्याचा वादक जर गप्प राहिला तर ते गप्प राहणे त्याच्यावर वाद्याने लादलेले नसते. ॲरिस्टॉटलच्या आक्षेपातील शारीरिक भाग येथे गळून पडतो, आणि नैतिक भाग मात्र अधिक उघडा होऊन समोर येतो : ज्याला बोलता येत होते त्याने न बोलता नुसते वाजवले, तर त्या न बोलण्याचा अन्वयार्थ कसा लावायचा?

‘मूव्हिंग हार्ट्स’ या डब्लिनमधील वाद्यवृंदाची ‘द स्टॉर्म’ (१९८५) ही ध्वनिमुद्रिका या प्रश्नाचे एक असाधारण उदाहरण आहे. सहा रचना, एकही गायलेला शब्द नाही. आयरिश लोकधुना, रॉक संगीताचा तालविभाग, आणि सॅक्सोफोन व बास गिटार यांच्याद्वारे आलेले जॅझ-फ्यूजनचे वळण यांचा तीत मेळ आहे. तिची गणना प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये करावी की ‘सेल्टिक रॉक’ नावाच्या वेगळ्या खणात तिला ठेवावे, हा वाद संग्राहकांनी घालावा. दीर्घ रचना, घटकांची गुंतागुंतीची जुळणी आणि संपूर्ण तबकडी हे एक सलग विधान आहे असा आग्रह ही प्रोग्रेसिव्ह रॉकची लक्षणे मानली तर ती येथे आढळतात. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. हा गट शब्दांच्या बळावर उभा राहिला होता, आणि ते शब्द टोकाचे राजकीय होते.

१९८१ साली क्रिस्टी मूर आणि डोनल लनी यांच्या पुढाकाराने हा गट अस्तित्वात आला. दोघेही त्याआधी ‘प्लँक्स्टी’ या गटात होते आणि आयरिश लोकसंगीताला नवा श्रोतृवर्ग मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. ते वर्ष साधे नव्हते. उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगात १ मार्चला सुरू झालेल्या उपोषणात दहा कैदी मरण पावले. त्यांतील पहिला, बॉबी सँड्स, ५ मे रोजी गेला. अशा काळात डब्लिनमध्ये उभ्या राहिलेल्या या गटाच्या पहिल्या तबकडीत अण्वस्त्रे, जमीनदारी, राजकीय अटकसत्रे असे विषय यावेत यात नवल नाही. गट सहकारी तत्त्वावर चालवला जाई. म्हणजे जे गायचे त्याप्रमाणे राहण्याचाही प्रयत्न होता. एक गंमत मात्र नोंदवली पाहिजे. या गीतांपैकी बरीच अमेरिकन गीतकारांची होती : जिम पेज, जॅक्सन ब्राउन, तसेच अमेरिकेत जन्मलेले जॅक वॉर्शॉ. आयरिश वास्तवावर भाष्य करणारे शब्द पुष्कळदा परदेशातून आलेले, आणि त्यांच्या आगेमागे वाजणाऱ्या जिग आणि रील मात्र घरच्या. शब्द म्हणजे मुळाशी असलेली अस्मिता आणि सूर म्हणजे तिचा अलंकार, हे सोपे समीकरण या गटाच्या बाबतीत आरंभापासूनच लागू पडत नव्हते.

१९८२ मध्ये मूर बाहेर पडले. त्यांच्या जागी प्रथम मिक हॅन्ली व पुढे फ्लो मॅकस्वीनी गाऊ लागल्या. तेव्हा ‘द स्टॉर्म’मध्ये शब्द नाहीत याचे कारण गायक मिळाला नाही एवढेच असू शकत नाही. अर्थात, मुख्य गायक गेल्यानंतर गटाचे गुरुत्वमध्य वादकांकडे सरकले हे उघड आहे, आणि अशा व्यावहारिक कारणाला कमी लेखण्याचे कारण नाही. कलाकृती ज्या कारणाने तशी झाली ते कारण आणि ती तशी असण्याचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त साहित्यसमीक्षेने स्वतःला लावून घेतलेली आहे. तीच येथेही पाळायला हवी.

या अर्थाचा शोध घेताना एक मोह समोर येतो. तो इतका आकर्षक आहे की त्याची नीट झडती घेणे आवश्यक ठरते.

‘द स्टॉर्म’ निघाली त्याच वर्षी क्रिस्टी मूर यांची ‘ऑर्डिनरी मॅन’ ही तबकडी प्रसिद्ध झाली. तीत ‘दे नेव्हर केम होम’ हे गीत होते. १४ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे डब्लिनच्या आर्टेन भागातील ‘स्टारडस्ट’ या नृत्यगृहाला आग लागून ४८ तरुण माणसे मेली होती. गीत त्यांच्याविषयी होते. न्यायालयाने ते अवमानकारक ठरवले. तबकडी बाजारातून मागे घ्यावी लागली, ते गीत काढून दुसरे घालावे लागले. याच काळात आयरिश नभोवाणी व दूरचित्रवाणीवर १९६० च्या प्रसारण कायद्यातील एकतिसाव्या कलमाचा अंमल होता. त्याच्या आधारे १९७१ पासून विशिष्ट संघटनांच्या प्रतिनिधींना ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवले गेले, आणि ही बंदी १९९४ च्या आरंभापर्यंत टिकली. ब्रिटनमध्ये १९८८ ते १९९४ या काळात तर आणखी विचित्र व्यवस्था होती. तेथे बंदी घातलेल्या वक्त्याचे शब्द ऐकवता येत, त्याचा आवाज तेवढा ऐकवायचा नाही. म्हणून त्याच्या हलणाऱ्या ओठांवर नटाचा आवाज बसवला जाई.

या पार्श्वभूमीवर असे म्हणण्याचा मोह होतो, की ज्या वर्षी शब्दाला शिक्षा झाली त्याच वर्षी सुराने शब्द सोडून दिला आणि तो निसटला; ‘द स्टॉर्म’ ही सांकेतिक लिपीतील राजकीय कविता आहे. ही मांडणी समीक्षकाला सोयीची आहे, कारण तिच्यामुळे निःशब्द संगीत पुन्हा शब्दांत बसवता येते. पण ती टिकत नाही. संकेतलिपीला किल्ली लागते, आणि ती ज्यांच्यापाशी आहे अशा दोन माणसांत संदेश पोहोचावा लागतो. ‘द स्टॉर्म’मधील एखादी रील अमुक विधान करते असे कोणी कोणाला सांगू शकणार नाही, जे विधान पडताळता येत नाही ते गुप्त आहे म्हणण्यापेक्षा ते नाहीच म्हणणे प्रामाणिकपणाचे. शिवाय या मांडणीत शब्दाचा एक अधिक्षेप दडलेला आहे. एप्रिल २०२४ मध्ये स्टारडस्ट प्रकरणातील नव्या मृत्युचौकशीत ज्यूरीने ४८ मृत्यू बेकायदेशीर वधाचे ठरवले आणि शासनाने आप्तांची माफी मागितली. ज्या गीताला १९८५ साली अवमान म्हटले गेले त्याच्या पारड्यात जवळजवळ चार दशकांनी कायदाच येऊन बसला. हे शब्दाच्या बाबतीतच घडू शकते. जो बोलतो तो चूक ठरू शकतो, दंडित होऊ शकतो, आणि पुढे कधीतरी बरोबरही ठरू शकतो. ‘द स्टॉर्म’कडून १९८५ साली काही हिरावून घेता आले नाही, तसे तिला २०२४ साली काही परत देणेही शक्य नव्हते. निःशब्द सुराच्या सुरक्षिततेची ही किंमत आहे. प्लेटोचा आक्षेप येथे पूर्ण ताकदीने उभा राहतो.

तेव्हा निःशब्दतेचे समर्थन करायचे असेल तर ते प्रच्छन्न शब्दाच्या आधाराने करता येणार नाही. संगीताच्या प्रत्यक्ष रचनेकडेच वळावे लागेल.

आयरिश नृत्यधुनेचा साचा साधा असतो. सामान्यतः आठ आठ मात्रागटांचे दोन भाग, प्रत्येकाची पुनरावृत्ती, मग पुन्हा पहिल्यापासून. अशा दोनतीन धुना एकापुढे एक जोडल्या की वाजवण्याचा एक फेरा होतो. परंपरेने ही एकस्वरी परंपरा आहे. पाच वादक असले तरी ते एकच धून वाजवतात, आणि प्रत्येकाचे अलंकरण किंचित वेगळे असल्यामुळे जी सूक्ष्म विसंगती निर्माण होते तीच तिची श्रीमंती. सॉन ओ रियाडा यांनी १९६२ मध्ये आयरिश नभोवाणीवर दिलेल्या व्याख्यानांत ही परंपरा वृत्ताकार गतीची आहे, युरोपीय अभिजात संगीतासारखी उत्कर्षबिंदूकडे जाणारी नव्हे, असे आग्रहाने प्रतिपादले होते. त्यांचे सगळेच सिद्धांत मान्य होण्यासारखे नसले तरी हे निरीक्षण कानाला पटते. आता अशा धुनेखाली कॉर्ड घालायची म्हणजे काय करायचे? एकच सुरावट एका कॉर्डवर ठेवली की विषण्ण वाटते, दुसरीवर ठेवली की उमेद देते. कॉर्ड ही धुनेवरची टीका असते, ‘टीका’ या शब्दाच्या जुन्या अर्थाने. ती श्रोत्याला सांगते की येथे असे समज. म्हणजे शब्द वगळले तरी भाष्यकार राहतोच, आणि भाष्याची नीती हा प्रश्नही त्याच्यासोबत राहतो.

लनी यांच्या हातात बुझुकी आहे. हे ग्रीक वाद्य आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकात आले आणि दोनेक दशकांत इतके रुळले की त्याला आता कोणी पाहुणे म्हणत नाही. परंपरेच्या शुद्धतेवर बोलणाऱ्यांनी या वाद्याची कुळकथा ध्यानात ठेवलेली बरी. लनी यांची बुझुकी बहुधा पूर्ण कॉर्ड वाजवत नाही. ज्या स्वराने सुरावटीचा भाव आनंद की शोक असा निश्चित होतो तो पुष्कळदा टाळला जातो आणि षड्ज-पंचमासारखे मोकळे स्वर लयीत घुमत राहतात. भाष्यकाराने निर्णय राखून ठेवावा तसे हे आहे. ‘द लार्क’ या पहिल्या दीर्घ रचनेत एकामागून एक नृत्यधुना येतात. त्या वाजवणारे डेव्ही स्पिलेन आणि डेक्लन मास्टरसन हे दोन पाइप्सवादक आहेत, आणि त्यांच्यासोबत कीथ डोनल्ड यांचा सॅक्सोफोन. दोन जातींचे हे आवाज एकाच सुरावटीवर चालतात तेव्हा त्यांच्या मधल्या फटीतून जी खरखर ऐकू येते ती जुन्या विसंगतीचीच पुढची पायरी आहे. जॅझमध्ये मूळ धून बहुधा उंबरठ्यासारखी असते : ती ओलांडून एकल वादक आत शिरतो आणि तेथून पुढे स्वतःचे बोलतो. येथे तसे होत नाही. ओन ओनील यांची बास गिटार फंकच्या चालीने धुनेखालची जमीन हलवत राहते, तालवाद्ये आघातांची जागा बदलतात, पण धून कोणा एकाच्या स्वाधीन केली जात नाही. जॅझ-फ्यूजनची सर्व सामग्री घेऊन त्याचा व्यक्तिवाद तेवढा नाकारला आहे असे म्हणता येईल. सहकारी तत्त्वाचा उल्लेख वर आला. रचनेतही ते दिसते. हा निव्वळ योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

सर्वच तबकडी या पातळीवर टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकातील ध्वनिमुद्रणाचा चकचकीतपणा, विशेषतः सिंथेसायझरचे थर आणि ड्रमचा फुगवलेला प्रतिध्वनी, काही ठिकाणी धुनेला असे गुळगुळीत करून सोडतो की वर वर्णिलेली खरखर नाहीशी होते. अशा जागी संगीत सुखद होते, आणि सुखदपणाविषयी पुढे बोलावे लागणार आहे.

मर्ढेकरांचा सौंदर्यविचार या तबकडीपुढे ठेवला तर संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी वरचे वर्णन जवळजवळ पूर्ण करता येईल. हान्सलिकने १८५४ मध्ये मांडलेल्या, संगीताचा आशय म्हणजे ध्वनींची चलत् रूपे, या भूमिकेशीही त्याचे जुळेल. प्रश्न तेथेच मिटला असता. पण तो मिटत नाही, याचे कारण तबकडीच्या पाठीवरच छापलेले आहे. पाचव्या रचनेचे शीर्षक आहे ‘ट्रिब्यूट टू पेडर ओडॉनल’.

पेडर ओडॉनल (१८९३–१९८६) हे डोनेगालचे. शिक्षक, कामगार संघटक, स्वातंत्र्ययुद्धात व नंतरच्या यादवीत करारविरोधी बाजूने लढलेले, १९२३ च्या उपोषणात सहभागी झालेले कैदी, पुढे शेतजमिनीच्या हप्तेवसुलीविरुद्धच्या चळवळीचे नेते, कादंबरीकार, आणि १९४६ ते १९५४ ‘द बेल’ या वाङ्मयीन मासिकाचे संपादक. डोनेगालच्या दरिद्री किनाऱ्यावरील माणसांची भूक हा त्यांच्या कादंबऱ्यांचा विषय. त्यांची पहिली कादंबरी १९२५ साली ‘स्टॉर्म’ याच नावाने आली होती. या योगायोगावरून काही सिद्ध करण्याची गरज नाही. लनी यांनी ही धून रचली तेव्हा ओडॉनल हयात होते, वयाच्या नव्वदीपलीकडे. तेव्हा हा मृत्युलेख नव्हे. जिवंत माणसाला एका धाकट्या पिढीने केलेला, शब्द नसलेला नमस्कार आहे.

शीर्षक झाकून ही धून ऐकवली तर तीत ओडॉनल सापडणार नाहीत. त्यांचे नाव तिला दिले नसते तर ती एखाद्या बेटाविषयी किंवा प्रेयसीविषयी आहे असेही चालले असते. स्वायत्ततावादी म्हणेल की मग शीर्षक बाह्य आहे. मराठी वाचकाला येथे कुमार गंधर्वांचा ‘गांधीमल्हार’ आठवेल. १९६९ साली, गांधींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधलेल्या त्या रागात गांधी कोठे आहेत, हा प्रश्न रसिकांनी विचारलेला आहे. मल्हाराच्या कोणत्या स्वराला सत्य म्हणायचे आणि कोणत्याला अहिंसा? असे शोधू पाहणे बालिश ठरते, आणि तरीही नाव काढून टाकल्यावर तो राग तोच राहतो असे म्हणणेही जड जाते. कुमारांना निदान बंदिशीच्या शब्दांचा आधार होता. लनी यांच्यापाशी शीर्षक एवढेच आहे.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलेच्या संकल्पनेला लौकिकतावादी व अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले आणि त्यांपैकी कोणताही एक टाकून संकल्पना पूर्ण होत नाही असे प्रतिपादले. ओडॉनलांवरील धून या द्विध्रुवात्मकतेचे जितके स्वच्छ उदाहरण आहे तितके सिद्धांतग्रंथांतूनही क्वचित मिळते : धून एका ध्रुवावर, शीर्षक दुसऱ्यावर, आणि दोहोंमध्ये कोणताही दृश्य पूल नाही. पूल बांधण्याचे काम श्रोत्यावर पडते. शीर्षकाने धून वर्णन करत नाही. ती कोणाला उद्देशून आहे ते सांगते. पाकिटावर पत्ता असतो तसे ते आहे, आणि पत्त्यावरून पत्रातील मजकूर कळत नसला तरी ते कोठे पोहोचवायचे हे कळते. गीत श्रोत्याला ओडॉनलांविषयी सांगते, तर ही धून त्याला सांगत काहीच नाही, फक्त एक नाव त्याच्या हाती ठेवते. त्या नावाचे काय करायचे हे त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे. राजकीय गीताच्या मैफलीत श्रोता टाळी वाजवून संमती देतो आणि आपण काही केले असे समाधान घेऊन घरी जातो, हा अशा गीतांवरचा जुना आरोप आहे. निःशब्द धून ते समाधान देत नाही. तिच्याशी सहमत होता येत नाही.

हे समर्थन पुरेसे आहे का? बहुसंख्य श्रोते नावाचे काहीच करत नाहीत, ही वस्तुस्थिती त्याच्या विरोधात जाते. ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनमधील युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात बिल व्हेलन यांचे ‘रिव्हरडान्स’ सादर झाले आणि आयरिश नृत्यधुना, बाल्कन ताल व आधुनिक वाद्यमेळ यांचे मिश्रण जगभर विकले गेले. व्हेलन हेही काही काळ ‘प्लँक्स्टी’त होते; पुढील वर्षी उभ्या राहिलेल्या रंगमंचीय प्रयोगात पाइप्स वाजवायला स्पिलेन होते. त्या यशाला नाके मुरडण्याचे कारण नाही, पण या इतिहासात ‘द स्टॉर्म’चे स्थान कोणते हा प्रश्न टाळता येणार नाही. शब्दाला सीमा असते. ‘आयरिश कायदे’ म्हटले की ब्रिटिश श्रोता अस्वस्थ होतो, भाषा न येणारा बाहेर राहतो. शब्द काढला की धून कोठेही नेता येते, विमानतळावर, उपाहारगृहात, पर्यटनाच्या जाहिरातीत. ‘सेल्टिक’ हे विशेषण ज्या धुकट, हिरव्या, निरुपद्रवी प्रदेशाचे विकाऊ नाव होऊन बसले त्याची वाट निःशब्द धुनांनी सोपी केली हे नाकारता येत नाही. वर उल्लेखिलेला सुखदपणा त्या वाटेवरचाच. एक विलक्षण उलटापालट येथे दिसते. ब्रिटिश बंदीने शब्द ठेवून आवाज काढला होता. बाजाराने आवाज ठेवला आणि ज्यांच्यामुळे तो आवाज तसा झाला ते शब्द काढले.

या आरोपाला तबकडीतच एक उत्तर आहे, आणि ते शेवटच्या रचनेत आहे. ‘मे मॉर्निंग ड्यू’ ही मुळात नृत्यधून नव्हे, ते गाणे आहे. परंपरेत ते इंग्रजीतून गायले जाते. म्हातारपणी मागे पाहणाऱ्या माणसाचे ते बोल आहेत : लहानपणचे घर आता दगडांचा ढीग झाले आहे, परसात तण माजले आहे, शेजारीपाजारी एकेक करून गेले, आणि मे महिन्यातील दंव मात्र तसेच आहे. दुष्काळ आणि देशांतर यांनी ओस पडलेल्या पश्चिम किनाऱ्यावर हे गाणे व्यक्तिगत स्मरणरंजन राहत नाही. तेथे प्रत्येक खेड्याच्या कडेला अशी दगडांची ढिगारेवजा घरे आहेत. ‘द स्टॉर्म’च्या अखेरीस ही चाल वाजते, गायक नाही.

अशा संथ चालींना आयरिश परंपरेत ‘स्लो एअर’ म्हणतात, आणि त्या वाजवण्याविषयी जाणत्यांचा एक जुना आग्रह आहे : ज्याला गाणे येत नाही त्याने चाल वाजवू नये. हा आग्रह भावुक नाही, तांत्रिक आहे. या चालींना ठाम मात्राबद्ध लय नसते. कोठे थांबायचे, कोणता स्वर लांबवायचा, कोठे श्वास घ्यायचा हे कवितेच्या चरणांवरून ठरते. ओळ जेथे मोडते तेथेच सुरावट मोडली पाहिजे. शब्द ठाऊक नसलेला वादक स्वर बिनचूक वाजवूनही जागा चुकवतो, आणि जाणकाराला ते लगेच कळते. हिंदुस्थानी वाद्यसंगीतातील गायकी अंगाशी याचे नाते आहे. विलायत खाँ मैफलीत सतार थांबवून बंदिश गाऊन दाखवत आणि मग तीच सतारीवर वाजवत, तेव्हा ते हेच सिद्ध करत होते. फरक असा, की गायकी अंगात गळ्याच्या हरकती महत्त्वाच्या, तर स्लो एअरमध्ये कवितेचे वाक्य महत्त्वाचे. येथे शब्द ऐकू येत नाही आणि तरी सुराच्या प्रत्येक वळणावर त्याचा ठसा असतो, जसा निघून गेलेल्या माणसाचा त्याच्या जुन्या खुर्चीत राहतो.

ही वस्तुस्थिती प्लेटोच्या आक्षेपाचे स्वरूपच बदलते. निःशब्द सुरावट बरोबर की चूक हे ठरवण्याचे साधन नसते, असे त्याचे म्हणणे होते. स्लो एअरच्या बाबतीत ते साधन आहे, फक्त ते सुरावटीच्या आत नसून तिच्या मागे, वादकाच्या स्मरणात आहे. वादक शब्द उच्चारत नाही, पण तो त्यांना बांधलेला आहे. आणि हे बंधन एखाद्या ऋणासारखे आहे, कारण ते पाळले नाही तरी कोणी शिक्षा करत नाही. शब्द वगळणे आणि शब्द विसरणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो. बाजारातील ‘सेल्टिक’ सूर आणि ‘मे मॉर्निंग ड्यू’ यांत कानाला जाणवणारे अंतर कधी कधी फारच थोडे असते, हे मान्य केले तरी पहिल्याने शब्द विसरले आहेत आणि दुसऱ्याने ते मनात ठेवून वगळले आहेत, हा नैतिक भेद उरतोच, आणि स्लो एअरच्या जाणकाराला तो थांबण्याच्या जागांवरून ऐकूही येतो.

मग ज्याला ते ऐकू येत नाही त्याचे काय? क्लेअरमधील जाणत्या म्हाताऱ्याने आणि मुंबईच्या विद्यार्थ्याने ही चाल ऐकणे सारखे नाही. दुसऱ्याला ती सुंदर वाटेल, कदाचित उदासही वाटेल, पण ती उदासी कशाची हे त्याला ठाऊक नसेल. त्याचा आस्वाद खोटा म्हणता येणार नाही. सौंदर्यानुभवाला पात्रतेची अट घालणारी सर्व मीमांसा शेवटी कुठल्या ना कुठल्या जातीची राखणदार होते, याचा अनुभव मराठी समीक्षेने पुरेसा घेतला आहे. तरीही त्याच्या आस्वादात एक उणीव राहते, आणि ती सौंदर्याच्या बाजूची उणीव नाही. त्याला चाल आवडली यात त्याने कोणाचे काही घेतले आहे, आणि कोणाचे घेतले हे त्याला ठाऊक नाही. हे त्याने शोधून काढलेच पाहिजे असे बंधन घालणारा कोणी नाही. ओडॉनलांच्या नावाबाबत होती तशीच ही स्थिती आहे, फक्त येथे शीर्षकही फारसे काही सांगत नाही. मे महिन्यातील सकाळ, दंव. पडक्या घरांचा त्यात उल्लेख नाही.

मूव्हिंग हार्ट्स २००७ मध्ये पुन्हा एकत्र आले तेव्हा मूर त्यांच्यासोबत नव्हते आणि कार्यक्रमाचा कणा ‘द स्टॉर्म’मधील वाद्यरचनाच होत्या. सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांना १९८१ मधली गाणी पाठ होती. रंगमंचावरून ती गाणी आली नाहीत, आणि ज्यांना यायची त्यांनी ती मनात ठेवली असणार.